आकडेबाईंची एका बटणावरील मोहीम

आकडे चंचल, आलेख त्याहून चंचल. परंतु घडले ते नमूद करणे हे लिहिणाराचे काम. सबब पाणीतपासणीच्या कचेरीत शुक्रवारी दुपारी जो प्रसंग गुदरला, तो तपशीलवार निवेदन करतो.

त्या कचेरीची चाल ऐसी की, आकडे एका फाइलीत, आलेख दुसरीत आणि अहवाल तिसरीत. आणि एक आकडा फिरला की डकवकाका नामे जुने सरदार आलेख उचलून अहवालात डकवीत, आणि मग मजकूर खाली सरके, आणि मग ते पुन्हा डकवीत. त्याच कचेरीतील आकडेबाईंस हे मानवेना. त्यांनी नवी मसलत केली की, मजकूर आणि आलेख मिळून साध्या अक्षरांची एकच फाइल असावी, ठळक शब्दास दोहों बाजूंस चांदणीच्या खुणा द्याव्या, मजकुराच्या मधोमध, आकडे वाचून आलेख काढतील ऐशा गणिताच्या आज्ञा पेराव्या. आणि बटण दाबताच अहवाल आलेखांसह सजून बाहेर पडावा.

तोच खबर आली की, तळ्याच्या आणि नळाच्या नमुन्यांची अदलाबदल झाली, सबब सारे आलेख रद्द. साहेबांचा हुकूम सुटला की, नवा अहवाल गेल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडू नये. आणि पाच वाजता बाईंच्या लेकीची धावण्याची शर्यत; “आई, या वेळी खरंच येशील ना?” हा सकाळचा खलिता कानी वाजत होता.

काकांनी बाह्या सरसावल्या. “बाई, रात्र झाली समजा.”

“काका, माझी फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर चालते. साहेबांच्याच कॉम्प्युटरवर चालवून दाखवते.”

मग फाइल खाशा साहेबांच्या मेजावर दाखल झाली, आणि सुधारलेले आकडे आले, आणि बाईंनी बटण दाबले, आणि लाल अक्षरांत जाब आला की, आकडे सापडत नाहीत. कारण काय, तर बाईंनी आत आकड्यांचा पत्ता लिहिला होता तो स्वतःच्या डेस्कटॉपवरील ‘नवीन फोल्डर’चा.

काकांनी चष्मा पुसला. “कुठल्याही म्हणजे, तुमच्या कुठल्याही.”

बाईंचे तोंड एवढेसे झाले. तरी धीर न सोडता त्यांनी तो पत्ता खोडला, आकडे अहवालाशेजारीच ठेवले आणि दुसरा हल्ला केला. मग आलेख एकामागून एक उभे राहिले, आणि तळे तळ्याच्या जागी गेले आणि नळ नळाच्या, आणि मजकूर तसूभर सरकला नाही.

साहेबांनी अहवाल निरखला, आणि संतोष पावून फर्मावले की, उत्तम. आता हा तेवढा आपल्या अहवालाच्या जुन्या साच्यात डकवून पाठवावा.

बाईंनी घड्याळाकडे पाहिले, काकांनी बाईंकडे.

“बाजूला सरा,” काका म्हणाले, “हे माझं काम. हुकुमाचं मी बघतो, तुम्ही पोरीकडे पळा.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते झाली. बाई शिट्टीआधी मैदानावर पोचल्या. लेक शेवटून दुसरी आली, आणि अहवाल तिच्याही मागाहून. झाले तैसे लिहिले असे.