सर्जेरावकाकांचा गालिचा

आमच्या शेजारचे सर्जेरावकाका स्वतःचे केस स्वतःच कापतात. पुढचे आरशात बघून, मागचे अंदाजानं. त्यामुळे समोरून ते साखर कारखान्यातले निवृत्त फिटर दिसतात आणि मागून उंदरानं कुरतडलेला ब्रश. "न्हाव्याकडं कशाला जायचं? त्यात काय लय हाय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गवंडी, सुतार, रंगारी, कुणालाही ते घरात पाऊल टाकू देत नाहीत. इस्लामपुरात बेल दाबल्यावर पंखा सुरू होणारं घर बहुधा त्यांचं एकट्याचंच. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले, "मग? पावण्याला वारं नको व्हय?"

गेल्या थंडीत मालनकाकू लेकीकडे कोरेगावला होत्या. एका सकाळी काकांच्या दारात टेम्पो थांबला आणि त्यातून एक लांबलचक गुंडाळी उतरली. अख्ख्या हॉलभर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा घालायचा बेत होता.

"काका, दुकानवाले माणूस पाठवतात की बसवायला."

"आगं, आंथरायचं आन् चिकटवायचं. त्यात काय लय हाय?"

सोफा अंगणात आला. कपाट अंगणात आलं. टीव्ही आमच्या घरी आला. काका आत रांगत रांगत गालिचा ताणत, कापत, चिकटवत होते. शेवटी दाराच्या मागचा कोपरा राहिला, म्हणून त्यांनी दार लावून घेतलं आणि तोही पक्का करून टाकला. गालिचा चांगला जाडजूड, दार आत उघडणारं. ते रुतून बसलं ते हलेचना. मागचं दार होतं, पण ते काकांनीच दुरुस्त केलेलं, त्यामुळे ते कधीच उघडत नाही.

खिडकीत तोंड दिसलं. "ताई, जरा चा मिळंल का?"

मी गजांतून कप दिला. "सुताराला बोलवू का?"

"सुतार न्हाई! करवत आन."

दुपारपर्यंत त्यांनी आतून बिजागऱ्या खोलून दार काढलं, त्याचा तळ कापला आणि परत बसवलं. आता दार मजेत उघडतं. फक्त ते बंद असलं तरी खालून गल्लीतलं मांजर ये-जा करतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून धप्प धप्प आवाज यायला लागला. खिडकीतून डोकावले तर काका हॉलच्या मधोमध ताठ उभे राहिले, डोळे मिटले आणि तोडलेल्या झाडासारखे आडवे झाले. उठले, थोडे पुढे गेले, पुन्हा आडवे. मी धावतच आत गेले.

"काका, चक्कर आली का?"

"न्हाई गं. पडून बघतोय."

याच हॉलच्या गुळगुळीत फरशीवर काकू घसरल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, ते बरंही झालं. कोरेगावात काठी घेऊन हिंडायच्या म्हणे. पण घरी यायचं नाव काढत नव्हत्या.

"फोनवर रडती," काका गुडघा चोळत म्हणाले. "म्हनती, ती फरशी आठवली की पाय कापत्यात. म्हटलं, फरशीच दिसली न्हाई तर? आन् चुकून पडलीच, तर लागू नये. सगळीकडं पडून बघितलंय. न्हाई लागत."

रविवारी काकू आल्या. उंबऱ्यावर बराच वेळ थांबल्या. मग चप्पल काढून एक पाऊल आत ठेवलं. बोटांनी दाबून बघितलं. काका श्वास रोखून उभे.

"आवं, त्या कोपऱ्यात सुरकुत्या पडल्यात की."

"पडू दे. आपल्याला काय कमी पडल्यात?"

काकू खुदकन हसल्या. दुसरं पाऊलही आत आलं. काका मागोमाग दोन्ही हात पसरून, त्यांना न शिवता चालत होते.

"नुसतं हात पसरून काय येताय?" काकू मागं न बघता म्हणाल्या. "धरा की."