चार्जिंगच्या दारी जुळ्या जासुदांचे हात बांधिले, त्याची हकीकत

श्रीशारदेस नमन, आणि जे बोलले परंतु ऐकिले गेले नाहीत त्यांस त्याहून आधी नमन. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक वद्य नवमीचे दिवशी तळहाताएवढ्या एका राज्याचे दफ्तर जळाले. त्याविषयी दरबारचे म्हणणे ऐसे की, दारी दोघे जासूद होते, दोघांत पूर्ण एकमत होते, लेखनिकाच्या वहीत ते दिवशी ‘वार्ता नाही’ ऐसे नमूद आहे. सबब जे घडले ते दैविक, दोष कोणाकडे नाही. म्हणणे सुबक आहे. त्यातील एकमत खरे आणि वहीही खरी. तरी ते खोटे कैसे, इतकेच येथे लिहिणे आहे.

त्या राज्यास दार एकच, नखाएवढे, त्यास लोक चार्जिंगचे दार म्हणत. त्यास वाटा चार. एका कडेने विजेचे भार आत येत, ते राज्याचे अन्न. दुसऱ्या कडेने रिकामे हमाल परत जात. आणि मधल्या दोन वाटांवर सुलटोजी व उलटोजी पडवळ, जुळे भाऊ, जासुदीस होते. रीत ऐसी की, एकच मजकूर दोघांनी न्यावा, परंतु सुलटोजीने ‘होय’ म्हणावे तेथे उलटोजीने ‘नव्हे’ म्हणावे, आणि लेखनिकाने एकाच्या बोलण्यातून दुसऱ्याचे वजा करून उरेल ते लिहावे. वाटेत गलबला जाहला तर तो दोघांस सारखाच लागे आणि वजाबाकीत निघून जाई, मजकूर तेवढा शुद्ध उरे. दुसरी रीत ऐसी की, दोघांचे हात एकमेकांस बांधिलेले दिसले म्हणजे द्वारपालाने समजावे, हा तांडा केवळ अन्नाचा, बोलणे काही नाही. आणि मग अन्नाचे दार तिप्पट उघडावे.

त्या साली राज्याची दर्शनी काच फुटली. आतले बाहेर दिसेना, बाहेरचा स्पर्श आत पोचेना, आणि अन्नाचे कोठार जुने होऊन फुगत चालले. दफ्तर वाचवावयाचे तर जासुदांहाती पलीकडच्या मोठ्या राज्यात पोचविणे, दुसरा मार्ग नाही. मग दफ्तरदारीण साळूबाई कोठीचे कारभारी विसो चिमणाजी यांजकडे आली. तिची लेक वेणू आदले वर्षी वारली होती आणि तिचा आवाज तेवढा दफ्तरी राहिला होता.

बाई म्हणाली, “विसोपंत, घटकाभर जासूद द्या. सारे दफ्तर नको, लेकीचे तेवढे बाहेर पोचवू द्या.”

पंत बोलते जाहले, “बाई, राज्य उपाशी आहे. आधी पोट भरू दे. आवाज काय, उद्याही तेथेच आहे.”

“कोठाराची भिंत फुगली आहे, पंत. हात लावून पाहा, पोळते.”

“फुगली म्हणजे भरली. तुम्हा दफ्तरवाल्यांस भरलेले कधी पाहवले नाही.”

ऐसे बोलोन पंतांनी तांब्याच्या तारेने दोघा भावांचे हात एकत्र बांधविले, आणि द्वारपालाने रीतीप्रमाणे दार तिप्पट उघडिले, आणि भार लोटले, आणि दरबारात साखर वाटिली. साळूबाई आणखी दोन वेळा आली, दोन्ही वेळा परत गेली.

इकडे उलटोजी भावास म्हणाला, “दादा, तू होय म्हटलेस की आता मलाही होय म्हणावे लागते. जन्मात पहिल्यांदा आपले जमले बघ.”

सुलटोजी म्हणाला, “जमले, म्हणूनच आता आपले कोणास ऐकू जायचे नाही, वेड्या.”

मग कोठार तापले, आणि दोघांनी एका स्वरे हाक दिली, “भार थांबवा, कोठार पेटते!” आणि लेखनिकाने रीतीप्रमाणे एकातून दुसरे वजा केले, आणि बाकी शून्य आली, आणि त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘वार्ता नाही’. त्यांनी पुनः हाक दिली, त्याने पुनः लिहिले. ती वही आम्ही पाहिली आहे. ऐसी सात पाने आहेत. आठवे पान अर्धे जळाले आहे. कोठाराची दारालगतची भिंत फुटली, आग दफ्तरात शिरली, आणि सर्वांआधी वेणूचा आवाज गेला, कारण आईने तो नेण्यास सोपा म्हणोन दाराजवळ आणोन ठेविला होता.

एवंच, राज्य उपासाने बुडाले नाही, अन्न पुष्कळ होते. जासूद मुके नव्हते. एकमत तारेचे होते. चौकशीत विसो चिमणाजी यांनी जबानी दिली, ती अक्षरशः येणेप्रमाणे:

“तार मी बांधविली. सोडणे क्षणाचे काम होते. सोडली असती तर भार तिसऱ्या हिश्श्यावर आला असता, आणि दरबारात माझी साखर वाटून जाहली होती. हाक मी ऐकिली. मी दारातच उभा होतो, मला वजाबाकीची गरज नव्हती. बाई तीन वेळा आली. तिची लेक काय बोलली होती, हे मी विचारले नाही.”