निरोप दिलेल्या गाडीची देखभाल

माझ्या गाडीचा सायलेन्सर मी स्वतःच बदलायचा, असं मी एका बुधवारी चहा पिताना ठरवलं. एवढंच ठरवलं होतं. पुढचं सगळं मी न ठरवता झालं.

गाडी लाल, दोन माणसांची, कापडी टपाची. मी पंचेचाळीस वर्षांचा असताना घेतली. आता मी शहात्तर वर्षांचा आहे आणि गाडी तीन लाख बारा हजार किलोमीटरची. धातू थकून कसे तुटतात, हा विषय मी विद्यापीठात अडतीस वर्षं शिकवला. (विद्यार्थीही थकत, पण ते अभ्यासक्रमात नव्हतं.) माझ्या गणितानुसार या गाडीचा क्रँकशाफ्ट एक लाख ऐंशी हजारावर तुटायला हवा होता. तो तुटला नाही. गणित मी चार वेळा तपासलं आहे. दर रविवारी सकाळी आठला मी गाडी सुरू करायचो आणि ती मला पुन्हा एकदा खोटं पाडायची. मला खोटं पाडणारे बहुतेक सहकारी आता हयात नाहीत, त्यामुळे मला तिचा आधार वाटतो.

बाकी तिच्याबद्दल तक्रार अशी नाही. थंडीत इंजिन पहिली पाच मिनिटं शिवणयंत्रासारखं टकटकतं. टपाच्या कडेची पाणी जायची भोकं पाइनच्या सुयांनी तुंबतात आणि पाऊस डाव्या सीटवर साठतो. डावी सीट माझ्या बायकोची, तामिएची. ती गाडीत छत्री उघडून बसते आणि काही बोलत नाही. आमच्या लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली, तेव्हा हे न बोलणं किती लांबीचं आहे ते मला कळतं.

गाडीची दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी होते. या वेळची मुदत बावीस तारखेला संपत होती आणि सायलेन्सरला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं.

"अहो," तामिए म्हणाली, "या वेळी नापास झाली तर मात्र तिला निरोप. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. (मी भित्रा माणूस आहे. मी सगळंच कबूल करतो.)

खरं तर गाडी इवासेच्या गॅरेजात न्यायची. पण इवासे गाडीखाली वाकला की दातांतून हवा आत ओढतो. थोडी ओढली तर नट, जास्त ओढली तर गिअरबॉक्स. मागच्या वेळी त्याने इतकी हवा ओढली की मला खुर्ची मागावी लागली. म्हणून या वेळी मी घरीच करायचं ठरवलं. सायलेन्सर काढला की इंजिन तासभर उघड्या आवाजात चालवून पाहावं लागणार होतं. आणि आमच्या गल्लीत आवाज करायचा तर आधी माफी मागायची रीत आहे. मी गोड पुरणाच्या वड्यांचे तेरा खोके आणले, काळा सूट चढवला आणि दारोदार निघालो.

पहिलं दार कुवाबाराआजींचं. त्या एक्याण्णव वर्षांच्या आहेत.

"आजी, इतकी वर्षं माझ्या गाडीनं तुम्हाला फार त्रास दिला," मी कमरेत वाकून सुरुवात केली. "तर या रविवारी..."

"बास, बास!" आजींनी खोका छातीशी धरला. "पुढचं बोलू नका, सर. कळलं मला. तुम्हाला किती जड जात असेल!"

"जड असं नाही, जॅक आहे माझ्याकडे..."

"धीराचे आहात हो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे टिपले.

पुढच्या बाराही दारांवर असंच झालं. सायलेन्सर या शब्दापर्यंत मला कुणी पोहोचूच दिलं नाही. गल्ली मंडळाचे अध्यक्ष उशियामासाहेब तर माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "सर, वेळेवर थांबणं सगळ्यांना जमत नाही." मला वाटलं, ते माझ्या भाषणाबद्दल बोलताहेत.

घरी येऊन मी तामिएला म्हणालो, "लोक किती समजूतदार आहेत. तासाभराच्या आवाजासाठी रडले."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काळा सूट घालून गेला होतात?"

"हो."

"शहात्तर वर्षांचा माणूस. काळा सूट. घरोघर मिठाई. आणि 'इतकी वर्षं त्रास दिला'." ती भाजी चिरू लागली. "अहो, तुम्ही लायसन्स परत करताय असं वाटलं असेल त्यांना."

आमच्याकडे म्हातारी माणसं एक दिवस आपणहून लायसन्स परत करतात आणि गाडी देऊन टाकतात. त्याचं सगळ्यांना कौतुक असतं. मी म्हणालो, उद्या सकाळी पुन्हा तेरा दारं फिरतो आणि खुलासा करतो. रात्रभर खुलाशाचा मसुदा केला. त्यात दोन तळटीपा होत्या.

पण सकाळी मंडळाची पाटी आली. ही सूचनांची पाटी घराघरातून फिरते. वाचायचं, आपल्या नावापुढच्या चौकोनात शिक्का मारायचा आणि लगेच शेजारी द्यायची. पाटी कुणी अडवून धरली तर ते वर्षभर लक्षात राहतं. तिच्यावर लिहिलं होतं: "रविवारी सकाळी नऊ वाजता सुगायासरांच्या गाडीचा निरोप समारंभ. सर्वांनी उपस्थित राहावं. सरांचा निर्णय आपणा सर्वांना आदर्श आहे."

बाकीच्या तेराही घरांचे शिक्के पडलेले होते.

मी दारातच शिक्का काढून मारला.

"शिक्का मारलात?" आतून तामिएने विचारलं.

"मारला."

"वाचून?"

"वाचून."

"मग आता बोलणंच खुंटलं," ती म्हणाली.

रविवारी नऊला अख्खी गल्ली दोन रांगांत उभी होती. कुवाबाराआजींनी रीतीप्रमाणे शुद्धीसाठी चारही चाकांवर मीठ टाकून तांदळाची दारू शिंपडली आणि बॉनेटवर थोपटून म्हणाल्या, "दमलीस ग बाई. नीज आता."

उशियामासाहेबांनी भाषण केलं. मग मंडळातर्फे मला बसच्या तिकिटांचं एक जाडजूड पुस्तक दिलं. "आता बसनं फिरा, सर. खिडकीतून बाहेर बघा. ड्रायव्हरला कुठे बघायला मिळतं?"

मी खाली मान घालून ते घेतलं. माझी शेवटची आशा अशी होती की गाडी सुरूच होणार नाही. एकतीस वर्षांत ती पहिल्या झटक्यात कधीही सुरू झालेली नाही. त्या दिवशी झाली. अंगठ्याएवढ्या भोकातून तिने असा हंबरडा फोडला की दोन बायकांनी पदराने नाही, पण रुमालाने डोळे पुसले.

पाहुणा दिसेनासा होईपर्यंत वाकून उभं राहायचं, ही आमची रीत. पण आमच्या गल्लीच्या तोंडाला सिग्नल आहे आणि तो लाल होता. आरशात बघतो तर तेरा घरं कमरेत वाकलेली. मला राहवेना; मीही स्टिअरिंगवर वाकलो. मान वर केली तेव्हा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला होता. मी मान वर केलेली पाहून त्यांनी मान वर केली होती. आता ते पुन्हा वाकले. कुवाबाराआजींना दोघांनी धरलं होतं. तिसऱ्या हिरव्याला मी कसाबसा सुटलो.

गाडी भंगारात जाणार होती, सगळ्यांच्या मते. मी तिला थेट इवासेकडे नेलं. इवासेने वाकून पाहिलं आणि हवा ओढली, मध्यम लांबीची.

"सायलेन्सर. मागच्या चाकांच्या सांध्यांवरचे दोन रबरी बूट फाटलेत. दाराखालचा पत्रा गंजलाय," तो म्हणाला. "आणि सर, चाकांना दारूचा वास का येतोय?"

"तिला निरोप दिलाय."

"अच्छा. मग दुरुस्त कशाला करायची?"

मी म्हणालो, "क्रँकशाफ्ट बघ ना जरा."

त्याने काठीचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावून आवाज ऐकला. "क्रँकशाफ्टला काही झालेलं नाही. तो तुमच्यामागेही चालेल."

एकवीस तारखेला ती तपासणीत पास झाली. काचेवर दोन वर्षांचं स्टिकर लागलं. आणि जगातल्या सगळ्या जागांपैकी फक्त माझ्याच घरी तिला नेता येत नव्हतं.

चार बसथांबे पलीकडे एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे जागा भाड्याने मिळाली. तिथे मी तिला ताडपत्रीखाली ठेवली. सोमवारी आणि गुरुवारी वाचनालयात जातो असं सांगून मंडळाच्याच तिकिटांवर मी तिच्याकडे जाऊ लागलो. पिशवीत वर दोन पुस्तकं, खाली पाने आणि ग्रीसचा डबा. पुस्तकं घरचीच होती. ती मी घरून नेऊन घरी परत आणत असे. आता तिचा आवाज मांजरासारखा झाला होता, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

बसथांब्यावर लोक कौतुकाने विचारत, "सर, वाचनालयात निघालात?"

"हो. माणसाने वाचत राहावं," मी म्हणत असे. सहा महिने झाले. माझ्यासारख्या घाबरट माणसाने सबंध गल्लीला फसवावं, याची मला लाज वाटे आणि (इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही) थोडा अभिमानही वाटे. तामिएलाही काही कळलं नव्हतं. तिने फक्त एकदा माझ्या बाहीला ग्रीस पाहून म्हटलं होतं, "जुनी पुस्तकं फार वाचू नका."

मंडळाची पाटी एरवी तामिएच घेते. पण मागच्या सोमवारी ती बहिणीकडे गेली होती, म्हणून पाटी माझ्या हातात आली. पहिली सूचना कचऱ्याच्या दिवसांची. दुसरी गटार साफ करण्याची. तिसरी अशी:

"स्मरणपत्र क्रमांक पाच. सुगायासर बसथांब्यावर भेटल्यास 'वाचनालयात निघालात?' एवढंच विचारावं. दंतवैद्यांच्या मागे ताडपत्रीपाशी दिसल्यास ओळख दाखवू नये. वाचनालय सोमवारी बंद असतं, हे त्यांना कुणीही सांगू नये."

तेरा शिक्के पडले होते. माझ्या नावापुढचा चौकोन तेवढा रिकामा होता.

मी शिक्का मारला. वाकडा पडला तर मंडळ बोलतं, म्हणून नीट, सरळ मारला. मग पिशवी खांद्याला लावली आणि फेरी पुरी झालेली पाटी पुन्हा पहिल्या घरी द्यायला कुवाबाराआजींचं दार वाजवलं.

आजींनी पाटी घेतली, माझा ओला शिक्का पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "वाचनालयात निघालात, सर?"

"हो," मी म्हणालो. "सोमवारी जरा निवांत असतं."