सासूबाईंची गाडी मी वेगवान करतो

कॉम्प्युटर वेगवान करून देण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्मायचा आहे! ही बढाई नव्हे. आमच्या विमा कचेरीत कुणालाही विचारा. आमच्या रोखपालांचा कॉम्प्युटर पूर्वी दुपारी कधीतरी बंद पडायचा. मी हात फिरवल्यापासून तो सकाळीच बंद पडतो. वेग म्हणजे वेग!

तर अशा माणसाने सासरी जावं, तिथला रखडत चाललेला कॉम्प्युटर बघावा आणि गप्प बसावं, हे शक्य तरी आहे का? तुम्हीच सांगा.

आमच्या सासूबाई म्हणजे निवृत्त नर्स. दवाखान्यात भल्याभल्यांना न सापडणारी शीर त्यांना बोलता बोलता सापडायची. आपल्या हातांचा त्यांना भारी अभिमान. निवृत्तीनंतर त्या हातांना काम काय, म्हणून माझ्या मेहुण्याने आपला जुना कॉम्प्युटर त्यांना आणून दिला आणि त्यात मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ घालून दिला. डोंगरातला घाट, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मधून सासूबाईंची लाल गाडी!

खालच्या मजल्यावर दातांचे एक डॉक्टर राहतात. तेही निवृत्त, त्यांनाही हातांचा अभिमान, आणि तेही हाच खेळ खेळतात, पण नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर. घाट चढायला किती वेळ लागला, याचा फोटो दोघं रोज एकमेकांना पाठवतात. आणि रोज सासूबाईच पुढे! डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शेवटी त्यांनी जिन्यात चार लोकांदेखत विषय काढला.

"सिस्टर, फोटोचं काय, फोटो कसेही काढता येतात. रविवारी तुमच्याकडे येतो. माझ्या डोळ्यांदेखत चालवून दाखवा!"

"या की," सासूबाई म्हणाल्या. "येताना चष्मा आणा."

आम्ही नवरा-बायको पोचलो ते शनिवारी. सासूबाईंचा सराव चालू होता. मी मागे उभा राहून बघितलं आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं. गाडी कसली, गाडा होता तो! एक वळण घेऊन झालं की सासूबाई बाजूचा कप उचलायच्या, चहाचा एक घोट घ्यायच्या, कप बशीत ठेवायच्या, आणि मग कुठे दुसरं वळण यायचं! उद्या तो डॉक्टर येऊन हे बघणार? आमच्या घराण्याची अब्रू काय राहणार?

दुपारी मायलेकी आडव्या झाल्या आणि मी बाह्या सरसावल्या.

खेळाची ग्राफिक्स सेटिंग उघडली आणि सगळा उलगडा झाला. मेहुण्याने त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर सगळं सर्वात वर चढवून ठेवलं होतं. सावल्या हाय, गवत हाय, झाडं हाय, तळ्यातलं प्रतिबिंबसुद्धा हाय! एकेक चित्र रंगवता रंगवता बिचाऱ्याची दमछाक होत होती. मी एका दमात सगळं लो केलं. सावल्या तर काढूनच टाकल्या, शर्यतीत सावलीत कोण बसतंय? मग मागे गुपचूप चालणारे डझनभर फालतू प्रोग्राम हाकलले. एवढ्यावर थांबेन तो मी कसला! कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि पंख्याला चिकटलेला, मांजरीच्या पिल्लाएवढा धुळीचा गोळा बाहेर काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला. कॉम्प्युटर असा काही घोंघावायला लागला की माझा ऊर भरून आला.

हे कुणालाही सांगायचं नाही, असं मी ठरवलं. सासूबाई आपल्या घरात मला साधा दिवाही बदलू देत नाहीत. म्हटलं, आधी चमत्कार बघू देत, मग हळूच सांगू.

संध्याकाळी त्या सरावाला बसल्या. तीन, दोन, एक... आणि लाल गाडी सुटली ती थेट दरीत!

"अगं बाई!"

पुन्हा सुरुवात. पुन्हा दरी. तिसऱ्यांदा त्यांनी दरी कटाक्षाने टाळली आणि कड्यावर जाऊन आदळल्या. हातातला चहा साडीवर सांडला.

"काय होतंय हे?" त्या डोळे बारीक करून पडद्यापाशी गेल्या. "आणि ही झाडं अशी का दिसतायत? पुठ्ठ्याची कापून लावल्यासारखी?"

मी छताकडे बघायला लागलो.

सासूबाईंनी अजून दोनदा दरी गाठली. मग कळांवरून हात उचलले, मांडीवर उपडे ठेवले आणि बराच वेळ त्या हातांकडेच बघत बसल्या.

"हात गेले माझे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डोळेही गेले. एका दिवसात असं होतं म्हणतात, खरंय ते. डॉक्टरांना फोन करते. हरले म्हणून सांगते, उगाच जिने चढायला नकोत त्यांना."

ज्या बाईने आयुष्यात कुणाला दुसऱ्यांदा सुई टोचली नाही, ती आपल्या हातांकडे अशी परक्यासारखी बघत होती! आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खेळ रखडायचा तेव्हा खेळातलं घड्याळही त्याच्याबरोबर रखडायचं! सासूबाईंना प्रत्येक वळणावर ऐसपैस वेळ मिळायचा आणि पडद्यावरच्या वेळेत मात्र तो मोजलाच जायचा नाही. त्यांचा सगळा हात बसला होता तो त्या रखडण्यावर. आणि मी, मूर्खशिरोमणी, नेमकं तेच दुरुस्त केलं होतं!

"आई, थांबा!" मी ओरडलो. "फोन करू नका! तुम्हाला काही झालेलं नाही. कॉम्प्युटर... तापलाय! त्याला जरा विश्रांती द्या. तुम्ही दोघी बागेत एक फेरी मारून या."

चपला घालता घालता बायकोने मला कोपऱ्यात घेतलं.

"अहो, तुम्ही काही केलंत का?"

"मी? जरासं."

"जरासं म्हणजे किती?"

"बरंचसं."

"आम्ही परत येईपर्यंत होतं तसं करून ठेवा. आईने हाय खाल्ली तर माझ्याशी गाठ आहे!"

दार लागलं आणि मी कॉम्प्युटरवर तुटून पडलो. मंडळी, वेग वाढवणारे तुम्हाला गल्लोगल्ली भेटतील. पण चांगला धावणारा कॉम्प्युटर मापात रखडवणं म्हणजे काय, ते मला विचारा!

सावल्या हाय. गवत हाय. झाडं, तळं, ढग, सगळं सर्वात वर! चित्र पहिल्यासारखं देखणं झालं. आता वेग. मोजायला माप तयारच होतं. पहिल्या आणि दुसऱ्या वळणाच्या मध्ये चहाचा एक घोट घेऊन कप बशीत ठेवता आला पाहिजे! मी चहा करून आणला आणि गाडी सोडली. वळण घेतलं, कप उचलला, ओठांपर्यंत नेला... धाड! गाडी कड्यावर, चहा माझ्या शर्टावर.

अजूनही वेग जास्तच. का? तर पंखा मोकळा झाला होता आणि ते फालतू प्रोग्राम पळाले होते. मी स्वयंपाकघरात गेलो, कचऱ्याच्या डब्यात हात घातला आणि तो धुळीचा गोळा परत शोधून काढला. हो, काढला! पण वर्षानुवर्षं जमलेली धूळ अशी सांगितल्यावर परत बसत नाही. पंख्याने ती सगळी माझ्या तोंडावर फेकली. शिंकता शिंकता मी पंख्यापुढे उशी लावून बघितली. कॉम्प्युटर बंदच पडला! चालू करून पडद्यावर चाळीस कॅल्क्युलेटर उघडून ठेवले. त्याला काही फरक नाही. या सगळ्यात माझा चौथा कप संपला होता.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक फाईल दिसली. आमच्या लग्नाचा व्हिडिओ! मेहुण्याने काढलेला, भला लांबलचक आणि जडच्या जड. मी आवाज बंद करून तो मागे चालू केला आणि पुढे खेळ उघडला. गाडी सुटली. वळण. कप उचलला. घोट घेतला. कप बशीत ठेवला. आणि दुसरं वळण डुलत डुलत समोर आलं! मला त्या पडद्याचा मुका घ्यावासा वाटला.

मायलेकी परतल्या. सासूबाई नको नको म्हणत असताना मी त्यांना बळेच खुर्चीत बसवलं. पहिलं वळण, घोट. दुसरं वळण, घोट. घाट संपला तेव्हा कपातला चहाही संपला होता.

"आले गं, हात परत आले!" त्या अक्षरशः टाळ्या पिटत उठल्या. "आणि झाडाचं पान न् पान दिसतंय मला!"

रात्री मी बायकोला सगळं सांगितलं. तिने हसून हसून डोळे पुसले.

"आपल्या लग्नाने कॉम्प्युटरसुद्धा सुस्त झाला म्हणायचा," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हीच तेवढे झालात."

रविवारी मी डॉक्टरांच्या वेळेआधी व्हिडिओ लावून तयार. पण डॉक्टरांचा पत्ता नाही! त्यांचा चष्माच सापडत नव्हता म्हणे. इकडे मागे आमचं लग्न पुढे सरकतंय आणि माझी पाचावर धारण बसलेली. अखेर ते आले. सासूबाईंनी घाट चढून दाखवला, चहासकट! डॉक्टर चष्मा पुसून पुसून वेळ बघत राहिले. फोटोतल्यापेक्षाही चांगली वेळ होती.

"मी बसतो," ते म्हणाले. "याच मशीनवर. मग कळेल!"

ते बसले. त्यांच्या हाताला सवय चपळ गाडीची. वळण यायच्या कितीतरी आधीच त्यांनी गाडी वळवली आणि कड्यावर घातली.

"हे काय? वळण कुठे गेलं?"

"येतंय, येतंय," सासूबाई म्हणाल्या. "घाई नको, डॉक्टर."

माणूस हुशार. हळूहळू त्यांनाही तो संथपणा जमला. एक वळण, दुसरं वळण. चेहऱ्यावर हसू आलं. त्यांनी सासूबाईंसारखा ऐटीत चहाचा कप उचलला. आणि नेमक्या त्याच क्षणी मागे आमचं लग्न संपलं! मोकळी झालेली गाडी अशी उधळली की डॉक्टर कप खाली ठेवेपर्यंत ती दरीच्या तळाशी होती.

डॉक्टरांनी कप ठेवला आणि आपल्या हातांकडे बघितलं.

"होतं असं, डॉक्टर," सासूबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. "काल माझंही झालं होतं. हात जात नाहीत हो असे. नीट झोप काढा, सगळं जागेवर येतं."

डॉक्टर जरा सावरले. पण दारापाशी पोचल्यावर त्यांनी वळून कॉम्प्युटरकडे संशयाने बघितलं.

"सिस्टर, खरं सांगा. या मशीनला कुणी काही केलंय का?"

माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. बायकोने पदर तोंडावर धरला.

"कुणी करायचं?" सासूबाई उसळल्या. "घरात आम्ही तिघंच. आणि आमचे जावईबापू दोन दिवस इथे आहेत, पण खरं सांगते, पहिल्यांदाच त्यांनी कशाला म्हणून बोट लावलं नाही! नुसते बसून होते. म्हणून तर जिंकले मी!"

मग त्या माझ्याकडे वळल्या. इतक्या कौतुकाने त्यांनी माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं.

"असंच राहायचं हं, जावईबापू!"

मी मान खाली घातली आणि "हो आई" म्हणालो.