मागचं कोणाला दिसतंय?

जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर विश्वास ठेवावा लागतो. सगळ्या संस्था याच पायावर उभ्या आहेत. दोन पत्रे एकमेकांना जोडणारा पॉप रिव्हेटही त्यातलाच. तो भोकात घालायचा, गन दाबायची, 'टक्' झालं की पत्र्याच्या मागे तो फुगून बसतो. बसला की नाही हे बघायला मागे जाता येत नाही. आमच्या कार्यालयाला तो पसंत पडला यात नवल नाही.

दवाखान्याच्या जिन्याला नवा कठडा बसवायचा होता. त्यासाठी 'जड कामाचे पोलादी रिव्हेट निवड समिती' नेमण्यात आली. सदस्य सात, बैठका चौदा (चहा अठ्ठ्याण्णव कप, बिनसाखरेचे धरून). प्रत्येकाने नमुना तळहातावर झेलून 'वजनदार' असा शेरा दिला. उपाध्यक्षांनी तो चावूनही पाहिला (दात त्यांचे स्वतःचे नसल्याने निष्कर्ष ग्राह्य धरला नाही).

लांबीचा प्रश्न मात्र चुटकीसरशी सुटला. छापील अर्जात लांबीसाठी एकच अंक मावेल एवढी चौकट होती, त्यामुळे दहा आणि बारा मिलिमीटरचे रिव्हेट आपोआप बाद झाले. सहाचा एकमताने निवडला गेला.

फिटर तेवढा आडवा आला. म्हणाला, "साहेब, दोन पत्रे मिळून आठ मिलिमीटर होतात. सहाचा रिव्हेट भोकातच अडकून बसेल. मागे पकडणार कशाला?"

"मागचं कोणाला दिसतंय?" अध्यक्ष म्हणाले. "लेखी द्या."

त्याने लेखी दिलं. ते 'स्तुत्य सूचना' या फायलीत व्यवस्थित लावलं गेलं. मग आदेशाप्रमाणे त्याने दोनशे चाळीस रिव्हेट मारले आणि घरी जाऊन आईला बजावलं. गुडघ्याच्या शेकासाठी ती दर मंगळवारी तोच जिना चढते.

"आई, भिंत धरून चढ. कठड्याला हात लावू नकोस."

"नवाच आहे ना रे?"

"म्हणूनच."

सहा मंगळवार म्हातारी भिंत धरून चढली. समितीने 'सहा आठवडे, शून्य तक्रारी' असा अहवाल दिला. सातव्या मंगळवारी वरून एक गृहस्थ घाईघाईने उतरले. "आजी, पलीकडून चढा ना. एवढा नवा कठडा काय शोभेला बसवलाय?" म्हातारी बिचारी सरकली. तिने कठडा धरला.

ते गृहस्थ म्हणजे, वाचकहो, आपणच. आपण मागे वळून पाहिलं नाहीत, हे समितीच्या धोरणाला धरूनच झालं.