हडपसरी वाळवीची जातपडताळणी

श्री. घडले तैसेच लिहिले. ज्यास झोंबेल त्याणे चोळीत बसावे.

पुणे प्रांती, हडपसर ठाण्यात, एक सोसायटी नांदत असे. तेथील सेक्रेटरी राजमान्य राजश्री श्यामसुंदरपंत यांचे सागवानी दारास वाळवी लागली, आणि समोरचे भाडेकरू रंगराव, वतन बुलढाणा, कारखान्यात चाकरी, यांचे निजावयाचे लाकडी दिवाणासही लागली. मग औषध मारावे, तर पुण्यात आधी दोष ठरावा, मग औषध, ऐसी वहिवाट. सबब व्हॉट्सॅपचे दरबारी पंतांचे फर्मान सुटले की, "वाळवी भाडेकरूंनी गावाकडून दिवाणात आणली. जागा खाली करावी. कळावे."

रंगरावांची कन्या सृष्टी दहावीत. भर वर्षात बिऱ्हाड कोठे न्यावे? कुटुंब मुक्ताई कडाडली, "रडून काय होते? दोन्हीकडली वाळवी समोरासमोर करा ना!"

मसलत मानवली. मग रंगरावांनी दोन काड्यापेट्यांत दोन्ही फौजांचे शिपाई कैद केले आणि खुद्द पंतांचे कुटुंब सरोजिनीबाई, ज्यांनी उभी हयात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकविले, त्यांचे भिंगाखाली हाजीर केले. तमाम कमिटी भोवती जमली. दिवाणाचा शिपाई लांबट चौकोनी डोक्याचा, जबडे सडपातळ तलवारी. दाराचा शिपाई अंडाकृती डोक्याचा. सुईने डिवचताच कपाळातून दुधाचा थेंब काढोन सुई बरबटविता जाहला.

"अहो, जाती दोन आहेत. दारातली तुमची तुम्हीच सांभाळा," बाई वदल्या. "आणि दोन्ही जमिनीतून येतात. दिवाणात बसून एसटीने कोणी आलेलं नाही."

कमिटीस एकदम खोकला आला.

मग नाइलाजे फर्मान रद्द जाहले आणि रंगरावांची जागा कायम राहिली. परंतु पंत हार मानतील तर ते पंत कैसे? त्यांस उलट मूठभर मांस चढले. आपली वाळवी अस्सल स्थानिक, तिला भाडेकरूगत हाकलणे नाही, ऐसे बोलोन त्यांनी औषधवाल्यास परत धाडिले आणि पाटी रंगविली: "येथील वाळवी मूळची येथलीच आहे. बाहेरून आलेली नाही. उगाच चौकशी करू नये."

पाटी ठोकावयास रंगरावांसच बोलाविले. रव्याच्या लाडवात बोट शिरावे तैसा खिळा चौकटीत शिरला, आणि दुसऱ्या घावास चौकट, दार, पाटी, अवघे जमीनदोस्त.

रंगराव हातोडी खाली ठेवोन अदबीने वदले, "पंत, जागा खाली झाली जी."

येणेप्रमाणे येथल्याच मातीच्या फौजेने येथलेच ठाणे फत्ते केले. पंतांचा मुद्दा साबीत जाहला, हे लिहोन ठेविले असे.