व्होल्ट सांगा, अँपिअर सांगा

लग्नाला गेल्यावर त्र्यंबककाका आधी मांडवाच्या मागं जात. तिथं दिव्यांच्या तारा एका खोक्यात येऊन मिळालेल्या असत. काका पिशवीतून टाँग टेस्टर काढून एका तारेला लावत. चिमट्यासारखं हे यंत्र तार न तोडता तिच्यातून किती प्रवाह जातो ते दाखवतं. मग ते वरबापाला गाठत. "पाहुणे, तुमचा मांडव अडीच हजार वॉट खातोय. तार मात्र हजाराचीच हाय." काकांचा हा आहेर फारसा कुणाला आवडत नसे.

काका देवगाव रंगारीचे. हैदराबाद संस्थानावर पोलीस ॲक्शन झालं तेव्हा ते शाळकरी होते. पुढं शहरात येऊन वायरमनचं काम शिकले आणि तेच काम तंत्रशाळेत शिकवून निवृत्त झाले. शहागंजच्या मागं एका जुन्या इमारतीत आम्ही सहा बिऱ्हाडं होतो. काका पहिल्या मजल्यावर राहत.

"व्होल्ट सांगा, अँपिअर सांगा, बाकीचं मी सांगतो," असं ते कुणालाही म्हणत. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे प्रवाह; गुणाकार केला की वॉट, भागाकार केला की ओहम, म्हणजे रोध. माणसांनाही त्यांनी हेच माप लावलं होतं. काम अडवणारा कारकून भेटला की, "त्याचा रोध लई." गुडघ्यांची चौकशी केली की, "दाब हाय, प्रवाह नाय."

दिवेलागणीला इमारतीतले दिवे पिवळे पडत. जिन्याखालून येणारी मुख्य तार जुनी होती आणि भिंतीत चिणलेली होती. मालक हैदराबादला राहत आणि भिंत फोडू देत नसत. "तारेचा रोध पाच ओहम," काका समजावत. "दहा अँपिअर गेले की पन्नास व्होल्ट तारंतच खपले. पाचशे वॉटनं आपण भिंत तापवतोय!" मग ते दारोदार जाऊन संध्याकाळी अर्धा तास विजेची शेगडी, इस्त्री बंद ठेवायला सांगत. नेमका तोच अर्धा तास का, ते मात्र सांगत नसत.

तळमजल्यावर रहीमभाईंचं इस्त्रीचं दुकान होतं. त्यांच्याशी खटका ठरलेला.

"एकशेऐंशी व्होल्ट, चार अँपिअर," काका टेस्टर लावून म्हणत. "रोध पंचेचाळीस ओहम. इस्त्री चालतीय सातशे वीस वॉटवर. पूर्ण दाब असता तर अकराशेच्या वर गेली असती. अशा थंड इस्त्रीनं काय होतंय? बंद ठेवा."

"काका, सात बजे गिऱ्हाइक आता है. उसको क्या बोलूँ? पंचेचाळीस ओहम पहन के जाओ?"

सगळे हसत. काका हसत नसत.

एका संध्याकाळी रहीमभाई काकांचे शर्ट द्यायला वर निघाले. मीही विजेचं बिल समजून घ्यायला त्यांच्याबरोबर गेलो. दार लोटलेलं होतं. आत शांताकाकू खुर्चीत बसल्या होत्या. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्या खाली उतरत नसत, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यांचा उजवा हात स्टुलावर होता, बोटं मुठीसारखी आखडलेली. वर शेक द्यायचा लाल दिवा होता. शेजारी व्होल्टमीटर होता. काका त्यावर नजर ठेवून दिवा बोटभर खाली घेत, पुन्हा वर उचलत. काकूंच्या हाताला लागून त्यांनी स्वतःचा हात ठेवला होता. तो लालबुंद झाला होता.

"तिला चटका कळत नाय," काका आमच्याकडं न पाहता म्हणाले. "दाब उतरला की दिवा जवळ घ्यावा लागतो. तेवढ्यात खाली इस्त्री बंद झाली की दाब उसळतो. मीटर व्होल्ट सांगतो. चटका सांगायला हातच लागतो." दिवा पुन्हा वर घेत ते म्हणाले, "शेक नीट बसला तरच बोटं उघडतील, नायतर अशीच राहतील, असं डॉक्टर म्हणतात."

रहीमभाई शर्ट हातात धरून उभे होते. "काका, आप बोले क्यों नई?"

"मीच बोलू दिलं नाय," काकू म्हणाल्या. "लोक भेटायला येतील, अन् मला साधा चहा करून देता येत नाय. खाली बोलू नका, भाऊ."

"नई बोलता, भाभी."

रहीमभाई बोलले नाहीत. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाईंना त्यांनी कोणती सबब सांगितली ते कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बाईंची शेगडी मात्र त्या वेळेला पेटेनाशी झाली.

दोन-तीन संध्याकाळी त्या वेळेला दाब उतरलाच नाही, तेव्हा काका कोड्यात पडले. शेवटी जिन्याखाली येऊन त्यांनी मुख्य तारेला टेस्टर लावला. काटा दहाऐवजी तीनवर होता. काका पुटपुटत वजाबाकी करू लागले. "चार इस्त्रीचे... तीन बाईंच्या शेगडीचे..." मग टेस्टर पिशवीत टाकून ते दुकानाकडं वळले.

रहीमभाई कपड्यांच्या ढिगापुढं हात बांधून बसले होते. एक गिऱ्हाइक पाय आपटत परत गेलं.

"रहीमभाई, इस्त्री बंद?"

"प्लग ढीला हो गया, काका."

काकांनी प्लगकडं पाहिलं. तो भिंतीत घट्ट बसलेला होता.

"असू द्या," काका म्हणाले. "असला प्लग अर्ध्या तासानं आपोआप नीट होतो."

आणि ते घाईनं जिना चढून गेले. दाब चांगला होता, तेवढ्यात शेक उरकायचा होता.